‘ता’च्या आधी काय?

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, ‘तानापिहिनिपाजा’ आपण मुलांकडून घोकून घेतो आणि प्रकाशाचा पाठ संपला असं समजतो. मला हे पटत नाही.

गेल्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "सर, ‘ता’च्या आधी काय असतं?" मी म्हणालो, "काही नाही." साफ चुकीचं उत्तर दिलं मी! १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या रंगांत थर्मामीटर ठेवून बघितले. तांबड्याच्या बाहेर, जिथं डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथं तापमान सर्वांत जास्त भरलं. तेच अवरक्त किरण. आपल्याला दिसते ती साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरची पट्टी. रेडिओ लहरी, क्ष-किरण ही तिचीच न दिसणारी भावंडं.

दुसऱ्या दिवशी टीव्हीचा रिमोट वर्गात नेला. बटण दाबून त्याच्या टोकाचा दिवा मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा, चमकताना दिसतो. (मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा हे किरण अडवणारी काच असते, तिथं फसाल. मी फसलो होतो.) ती मुलगी एकदा नुसत्या डोळ्यांनी, एकदा कॅमेऱ्यातून, असं कितीतरी वेळ बघत राहिली.

पालकांनो, आज घरी करून बघाच. मोबाइल तसाही मुलांच्याच हातात असतो!