स्लॅबखाली बावडी आहे हे शेजाऱ्यांना माहीत होतं

इंदूर म्हटलं की पोहे, सराफा आणि 'देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर' एवढं तुमच्यापैकी बहुतेकांना आठवतं. 2017 पासून तो नंबर आमचाच. अभिमान मलाही आहे, खोटं कशाला बोलू. पण आज याच शहरातल्या एका कॉलनीबद्दल लिहितेय.

30 मार्च 2023, रामनवमी. स्नेहनगर-पटेलनगर भागातलं बेलेश्वर महादेव मंदिर. हवन चालू होतं, माणसं दाटीवाटीनं बसली होती. पायाखाली जमीन नव्हतीच, जुन्या बावडीवर टाकलेला स्लॅब होता. तो कोसळला आणि 36 माणसं गेली. शोधकार्यासाठी लष्कर बोलवावं लागलं.

बातमी तुम्ही वाचली असेल. राज्यशास्त्र शिकताना मला मात्र त्याआधीचं वर्ष जास्त छळतं. 2022 मध्येच तिथल्या रहिवाशांनी महापालिकेकडे तक्रार केली होती की बागेच्या जागेत बेकायदा बांधकाम चाललंय. पालिकेनं नोटीस काढली. ट्रस्टनं उत्तर दिलं की यामुळे धार्मिक भावना दुखावतात. मग बांधकाम जिथल्या तिथे राहिलं. दुर्घटनेनंतर 3 एप्रिलला बुलडोझर आले, बांधकाम पाडलं, बावडीही बुजवून टाकली. म्हणजे वर्षभर न जमलेलं काम चार दिवसांत जमलं! (होळकरांच्या शहरात बावडी बुजवणं हा उपाय वाटावा, हेही मला पटत नाही. कठडा बांधता आला असता, जाळी बसवता आली असती.)

आमच्याकडे मोहल्ल्याच्या सुरक्षेवर बोलणं निघालं की गाडी कॅमेरे, वॉचमन आणि दिव्यांवर जाते. काकूंना कोपऱ्यावरची टोळकी नकोत, काकांना गेट हवं. चूक नाही त्यात. विकास म्हटलं की पेव्हर ब्लॉक आणि बागेतली ओपन जिम. पण त्या ब्लॉकखाली काय आहे, कुठली विहीर, कुठला नाला, पाण्याची लाईन कुठून जाते, हे कोण विचारतं? जुन्या रहिवाशांना ते माहीत असतं. ते सांगतातही, पण ऐकून घ्यायला कुणी बांधील नसतं.

2025 च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात तेच झालं. नळाला घाण वास येतोय म्हणून लोक ओरडत होते. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं होतं. शेकडो आजारी पडले, कित्येक दगावले. स्वच्छतेचा नंबर तेव्हाही पहिलाच होता. गुण देणारे जे बघतात त्याचे गुण मिळतात, जमिनीखालच्या पाइपाचे कोण देणार?

आता कायद्याचं बघा. 74 वी घटनादुरुस्ती 1993 पासून लागू आहे. तिच्यातलं कलम 243-एस सांगतं की 3 लाख किंवा त्याहून जास्त लोकवस्तीच्या शहरात वॉर्ड समित्या असाव्यात. परीक्षेत यावर मी दोन पानं लिहू शकते. पण गल्लीत दहा जणांना विचारा, वॉर्ड समिती कुठे बसते? एकालाही सांगता येणार नाही. समितीत कोण असावं हे राज्यावर सोडलंय. माझं म्हणणं असं की तिथे रहिवाशांना खुर्ची हवी आणि आलेली प्रत्येक तक्रार, तिच्यावर काय केलं आणि काय केलं नाही, हे वॉर्डात फलकावर लागलं पाहिजे. पटेलनगरची ती तक्रार चौकात लागली असती तर निदान काही घरांनी त्या दिवशी आपली पोरं तिथे बसवली नसती, असं मला राहून राहून वाटतं.

हे तुम्हाला का सांगतेय? 2016 मध्ये स्मार्ट सिटीची पहिली 20 शहरांची यादी आली, तिच्यात इंदूर होतं आणि बेळगावही होतं. बेळगावातही जुन्या विहिरी आहेत. टिळकवाडीतली 1924 च्या अधिवेशनावेळची काँग्रेस विहीर सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोळातल्या, वाड्यांमागच्या, कुणीतरी फरशी टाकून झाकलेल्या विहिरींचं काय? तुमच्या गल्लीतल्या आजोबांना विचारा, जागा लिहून काढा, पालिकेत अर्ज द्या. मराठीत द्या, कन्नडमध्येही एक प्रत जोडा म्हणजे भाषेचं कारण पुढे करून परत पाठवणार नाहीत. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका.