भरलेली बाटली

ओळखीतल्या एक शिक्षिका सकाळी सहाच्या एसटीने शाळेवर निघतात. पिशवीत लिटरभर पाण्याची बाटली असते. संध्याकाळी ती ओट्यावर ठेवतात तेव्हा दोन घोट कमी झालेले असतात, इतकंच. शाळेच्या संडासाला कडी नाही, नळाला पाणी नाही. म्हणून पाणीच प्यायचं नाही. गेल्या वर्षभरात त्यांना चार वेळा उन्हाळी लागली.

मैत्रिणींनो, हा हिशेब आपल्यापैकी अनेकींचा आहे आणि तो अंगाशी येतो. कसा, ते नीट समजून घ्या.

आघाड्याच्या रानातून चालून आलं की साडीच्या काठाला त्याची बोंडं चिकटलेली असतात. झटकून पडत नाहीत, एकेक उपटावं लागतं. लघवीच्या साध्या जंतुसंसर्गात दहातल्या सात-आठ वेळा सापडणारा ई. कोलाय हा जंतू असाच चिकटतो. तो मूळचा आपल्या आतड्यातला. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटरचा, त्यामुळे त्याला मूत्राशयापर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही. त्याच्या अंगावर अतिसूक्ष्म केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला फिमएच नावाचं प्रथिन. मूत्राशयाच्या अस्तरावर मॅनोज नावाची साखर असते, हे टोक नेमकी तीच पकडतं.

ही पकड विलक्षण आहे. सुरगाठ ओढली की सुटते, निरगाठ ओढली की आणखी आवळते. फिमएचची गाठ निरगाठीच्या जातीची. वाहत्या लघवीचा ताण आला की ती जास्तच घट्ट होते. म्हणजे जंतू एकदा पक्का चिकटला, की नुसतं पाणी पिऊन तो निघेलच असं नाही. पाणी त्याच्या आधी प्यायचं असतं.

शरीर आपल्या परीने झटत असतंच. मूत्रपिंडं युरोमोड्युलिन नावाचं प्रथिन लघवीत सोडतात. त्याच्यावरही तीच साखर असते. जंतू अस्तर समजून त्यालाच धरून बसतो आणि लघवीबरोबर बाहेर पडतो. किती सुंदर तजवीज आहे ही! पण लघवी चार-पाच तास तुंबवून ठेवली, तर तो जंतू वाहून जाणार कसा?

2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वारंवार लघवीच्या जंतुसंसर्गाचा त्रास होणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या 140 स्त्रिया होत्या. निम्म्या जणींनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा त्रास झाला, उरलेल्या जणींना 3.2 वेळा. औषध नाही, साधं पाणी. (हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.)

मॅनोजची पावडरही दुकानात मिळते. जंतूला तीच साखर आयती द्यावी, म्हणजे तो अस्तर सोडेल, हा विचार पटण्यासारखा आहे. पण 2024 मध्ये इंग्लंड-वेल्समधल्या सुमारे 600 स्त्रियांवरच्या चाचणीत तिचा उपयोग दिसला नाही. पैसे वाचवा.

जळजळ सुरू झालीच, तर धने-जिऱ्याच्या पाण्यावर आठवडा काढू नका. चिकटलेले जंतू अस्तराच्या पेशींच्या आत शिरतात आणि तिथे दडून वाढतात. बरं वाटलं म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मध्येच सोडू नका, आणि जावेच्या उरलेल्या गोळ्या तर मुळीच घेऊ नका. त्रास पुन्हापुन्हा होत असेल, तर प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याआधी लघवीचं कल्चर करायला द्या. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत दुखणं, उलट्या, लघवीतून रक्त, यातलं काहीही दिसलं किंवा दिवस गेलेले असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आता मुख्याध्यापकांना, दुकानदारांना, सरपंचांना हात जोडून सांगणं आहे. बायकांना पाणी प्या म्हणून सांगणं सोपं आहे, पण त्यांना जायला जागाही हवी. मुंबईत 2011 पासून बायका ‘राइट टू पी’ म्हणत स्वच्छ, सुरक्षित मुताऱ्या मागत आहेत, ती मागणी चैनीची नव्हे. उद्या तुमच्या संडासाचं दार आतून लावून बघा. कडी बसते का, नळाला पाणी येतं का, बादली आहे का. नसेल, तर या आठवड्यात तेवढं करून घ्या, म्हणजे त्या बाईंना बाटलीचं झाकण उघडता येईल.