मुदत ठेवीतला माणूस

आमचे साडू गोठायचे म्हणतात.

पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मला वाटले, महाबळेश्वरला निघाले असतील. रविवारची सकाळ होती. पोह्यांची बशी हातात धरून साडूसाहेब शांतपणे म्हणाले, "मी स्वतःला गोठवून घ्यायचा विचार करतोय." मग आमचे चेहरे पाहून दिलासा दिल्यासारखे म्हणाले, "मेल्यावर हो! आत्ता नाही." एवढे बोलून त्यांनी पोह्यांवर आणखी थोडे खोबरे घालून घेतले.

त्याचे असे झाले. साडूसाहेब मे अखेर सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि जूनमध्ये त्यांची अँजिओग्राफी झाली. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी लागते. कोणाला अध्यात्म लागते, कोणाला बागकाम लागते, कोणाला सोसायटीचे सेक्रेटरीपद लागते. यांना उणे १९६ अंश लागले. दिवसभर कानाला मोबाइल लावून ते त्याच विषयावरचे व्हिडिओ पाहतात आणि रविवारी येऊन ते ज्ञान आमच्यावर ओततात.

त्या ज्ञानाचा सारांश असा. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात स्कॉट्सडेल नावाच्या गावी अ‍ॅल्कॉर नावाची संस्था आहे. तिथे मेलेल्या माणसाच्या अंगातले रक्त काढून दुसरे द्रव भरतात आणि त्याला द्रव नायट्रोजनच्या टाकीत उणे १९६ अंशांत ठेवतात. डोके खाली, पाय वर. नायट्रोजन कमी पडला तर डोके सगळ्यात शेवटी वितळावे म्हणून ही खबरदारी. पुढे कधीतरी विज्ञान सुधारेल, माणसाचा रोग बरा करील, मरणही बरे करील आणि मग त्याला उठवील, असा हिशेब. या मार्गाने गेलेला पहिला माणूस म्हणजे जेम्स बेडफर्ड हे मानसशास्त्राचे प्राध्यापक. ते १२ जानेवारी १९६७ रोजी गेले आणि अजून टाकीतच आहेत. दोनशेहून अधिक मंडळी त्यांच्या सोबतीला आहेत. काहींचे तर नुसते डोकेच ठेवले आहे, ते स्वस्त पडते. अख्ख्या माणसाला दोन लाख डॉलरच्या पुढे खर्च येतो. संस्था त्यांना 'मृत' म्हणत नाही, 'पेशंट' म्हणते.

"मग आहे काय तुमची हरकत?" साडूसाहेबांनी मला विचारले.

वाचकहो, माझी हरकत आहे. एक नाही, अनेक आहेत. त्या दिवशी तोंडात पोहे होते म्हणून बोललो नाही. आज बोलतो.

पहिली हरकत स्वयंपाकघरातली. टोमॅटो बर्फाच्या कप्प्यात ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी बाहेर काढून पाहावा. वरून तो टोमॅटोच असतो. वितळला की त्याचा आत्मविश्वास जातो. पाण्याचा बर्फ होताना ते साधारण ९ टक्के फुगते, बर्फाचे स्फटिक पेशींची मोडतोड करतात, आणि हाती उरतो तो सार करण्याच्या लायकीचा ऐवज. माणूसही बराचसा पाण्याचाच केलेला आहे. हे अमेरिकेतल्या लोकांनाही कळते. म्हणूनच ते अंगात ती औषधी द्रवे भरतात, की बर्फ होऊ नये, सगळे काचेसारखे घट्ट व्हावे. पण ती द्रवेही एवढ्या प्रमाणात पेशींना विषारी ठरतात. शिवाय काचेला तडा जातो, हे कपबशा धुणाऱ्या कोणालाही विचारावे.

यावर साडूसाहेबांनी बेडूक काढला. उत्तर अमेरिकेत एक रानबेडूक आहे. हिवाळ्यात तो खरोखर गोठतो. अंगातल्या पाण्यापैकी दोनतृतीयांशाचा बर्फ होतो, श्वास बंद, हृदय बंद. टिचकी मारली तर दगडासारखा वाजेल. आणि वसंतात वितळून उड्या मारत निघून जातो! हे खरे आहे आणि या बेडकाबद्दल मला आदर आहे. पण त्याची युक्ती काय? गारठा सुरू होताच त्याचे यकृत रक्तात भरमसाट साखर सोडते आणि ती साखर पेशींना वाचवते.

"साखर तर माझ्याकडेही आहे," साडूसाहेब म्हणाले. "जेवणानंतर दोनशे चाळीस."

मी हात जोडले. त्या बेडकाच्या घराण्यात हा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. आपल्या घराण्यात कोणी स्वेटरशिवाय नाशिकची थंडीसुद्धा काढलेली नाही. विज्ञान पुढे जात नाही असे मी म्हणत नाही. २०२३ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या मंडळींनी उंदराचे मूत्रपिंड असे काचेसारखे गोठवून १०० दिवस ठेवले, ऊब देऊन दुसऱ्या उंदराला बसवले आणि ते चालले. उद्या याने माणसांचे प्राण वाचतील. पण मूत्रपिंडाला आपले नाव आठवावे लागत नाही. बायकोने सांगितलेले सामान तर मुळीच आठवावे लागत नाही.

दुसरी हरकत माझ्या धंद्यातली. मी बँकेत कारकून आहे. वीस-बावीस वर्षे लोकांच्या ठेवी सांभाळतो आहे, आणि ही योजना मला ओळखीची वाटते. माणसाने स्वतःलाच मुदत ठेवीत टाकायचे. मुदत किती ते लिहायचे नाही, व्याज किती ते विचारायचे नाही, आणि पावती मात्र स्वतःच्या पोटाखाली ठेवून उलटे लटकायचे. पैसे बहुधा विम्यातून उभे करतात. आपला आयुर्विमा आणि त्याचे पैसे आपल्यालाच गोठवायला! वारस म्हणून बायकापोरांच्या जागी नायट्रोजनची टाकी.

बरे, सांभाळणार कोण? लॉस एंजेलिसजवळ चॅट्सवर्थ नावाचे गाव आहे. तिथल्या स्मशानात अशाच एका कॅलिफोर्नियातल्या संस्थेने तळघर केले होते. तिचा प्रमुख पूर्वी टीव्ही दुरुस्त करीत असे. सुरुवातीला सगळे ठीक चालले. पुढे काही नातेवाइकांनी पैसे देणे बंद केले, टाक्या बिघडल्या आणि १९७९ साली उघडकीस आले, की नऊ जणांचे वितळून जे व्हायचे ते झाले आहे. यात मला नवल वाटले नाही. मासिक देखभालखर्च जिवंत माणसे देत नाहीत, हे आमच्या सोसायटीत कोणीही सांगेल. मेलेल्या काकांचा हप्ता पुतणे किती वर्षे भरणार?

"पैसे बँकेत ठेवून जाईन," साडूसाहेब म्हणाले. "व्याजावर भागेल."

इथे त्यांनी माझ्या मर्मावरच बोट ठेवले. एच. जी. वेल्सची एक कादंबरी आहे, १८९९ सालची. तिच्यातला नायक २०३ वर्षे झोपतो. उठून बघतो तर त्याच्या नावावरचा पैसा वाढत वाढत निम्म्याहून जास्त जग त्याच्या मालकीचे झालेले! मी लगेच आकडेमोड करून पाहिली. एक लाख रुपये ६ टक्के चक्रवाढीने २०० वर्षे ठेवले तर साडेअकराशे कोटींच्या घरात जातात. साडूसाहेबांचे डोळे चमकले. मग मी पुढचा आकडा सांगितला. महागाईही त्याच दराने वाढली तर आजचा दहा रुपयांचा कटिंग चहा तेव्हा साडेअकरा लाखांना मिळेल. आणि वेल्सच्या गोष्टीतली खरी मेख पुढेच आहे. झोपलेल्याच्या नावाने ज्या विश्वस्तांनी राज्य केले, त्यांना त्याचे जागे होणे मुळीच सोयीचे नसते. ठेवीदार परत येतो, हीच जगातल्या सगळ्या विश्वस्तांची मुख्य अडचण आहे.

शिवाय ते पैसे काढणार कसे? गोठवायचे तर आधी कायद्याने मरावे लागते. डॉक्टरने दाखला दिल्याशिवाय टाकीवाले हात लावत नाहीत. दाखला आला की आम्ही खाते बंद करून पैसे वारसाला देतो. समजा वारस आलाच नाही. दोन वर्षे व्यवहार नसला की खाते निष्क्रिय होते. दहा वर्षे झाली की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. बुडत नाही, मागता येते. पण मागणारा जिवंत आहे आणि तो तोच आहे, हे कागदावर दिसावे लागते. साडूसाहेब इसवी सन २२३० मध्ये काउंटरवर आले तर मी, म्हणजे माझ्या जागी जो असेल तो, चालू महिन्याचे लाइट बिल मागणार.

हसू नका. उत्तर प्रदेशात आझमगड जिल्ह्यातल्या लाल बिहारींना महसूल दप्तराने १९७५ साली मृत ठरवले होते. कागदावर पुन्हा जिवंत व्हायला त्यांना १९९४ साल उजाडले. एकोणीस वर्षे! तेही ताजे, न गोठलेले, चालतेबोलते असताना.

तिसरी हरकत सिनेमावाल्यांवर. हा सगळा भ्रम पसरवला त्यांनी. आकाशयान दाखवायचे म्हटले की काचेच्या पेट्यांत माणसे निजवलेली हवीतच. त्याला कारणही आहे. सूर्याला सोडून सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. व्हॉयेजर-१ च्या वेगाने निघालो तर तिथे पोचायला सुमारे ७५,००० वर्षे लागतील. एवढा वेळ जागे राहून करायचे काय? आमच्याकडे पत्ते खेळताना दुसऱ्या तासाला भांडणे होतात. मंगळ त्या मानाने जवळ, जायला सात-आठ महिने. तरी प्रवाशांना थोडे थंड करून गुंगीत न्यावे, म्हणजे अन्न वाचेल आणि यान हलके होईल, या कल्पनेच्या अभ्यासाला २०१३ साली नासानेही पैसे दिले होते.

पण त्याच सिनेमांतले पुढचे बघा. १९६८ च्या '२००१ : अ स्पेस ओडिसी'मध्ये तीन शास्त्रज्ञ पेट्यांत झोपलेले असतात. यानावरचा संगणक बिथरतो आणि त्यांना झोपेतच संपवतो. बिचाऱ्यांना ओरडायलाही मिळत नाही. १९८६ च्या 'एलियन्स'ची नायिका ५७ वर्षांच्या झोपेनंतर सापडते. २०१६ च्या 'पॅसेंजर्स'मध्ये १२० वर्षांचा प्रवास आहे. एकाची पेटी बिघडते आणि तो ९० वर्षे आधीच जागा होतो. बाकीचे पाच हजार गाढ झोपेत आणि हा एकटा! एस.टी.त झोपलेल्याचा स्टॉप पुढे जातो एवढे आपल्याला माहीत होते. इथे स्टॉप यायच्या आत जन्मच संपायचा. माझे म्हणणे, जो झोपून जातो तो प्रवासी नव्हे, ते पार्सल. पार्सलाला खिडकी नसते.

आपल्या पुराणांना हे आधीच कळले होते. मुचुकुंद राजाने देवांसाठी लढून लढून थकल्यावर वर मागितला तो झोपेचा, आणि जो उठवील तो भस्म होईल, अशी तजवीजही करून घेतली. जागा झाला तेव्हा त्याच्या ओळखीचे कोणी उरले नव्हते. त्याने राज्य परत मागितले नाही. सरळ तपाला निघून गेला. दुसरे करणार काय?

आता एक गोष्ट माझ्या विरुद्ध जाणारी सांगतो, कारण हिशेबात जमेची बाजू लपवू नये. मे १९९९ मध्ये नॉर्वेत नार्विकजवळ आना बोगेनहोल्म नावाची तरुण डॉक्टर बर्फावर घसरत असताना ओढ्यात पडली आणि वरच्या बर्फाखाली अडकली. ८० मिनिटे! हृदय थांबले, शरीराचे तापमान १३.७ अंशांवर उतरले. आपले ३७ असते. सोबतचे दोघे सहकारी तिला ओढत राहिले, जमेना तेव्हा त्यांनी मदत बोलावली. ट्रोम्सोच्या रुग्णालयात तिचे रक्त यंत्रातून फिरवून हळूहळू गरम केले. हृदय पुन्हा चालू झाले. बरे व्हायला फार दिवस लागले, पण ती बरी झाली आणि पुढे त्याच रुग्णालयात काम करू लागली. हृदय थांबायच्या आधीच मेंदू एवढा थंड पडला होता, की त्याला प्राणवायूची गरजच फार उरली नव्हती.

त्या थंडीला माझा नमस्कार आहे. तिने डॉक्टरांना काही तास मिळवून दिले. पण त्या बाईने डोळे उघडले तेव्हा भोवती तिचीच माणसे होती, ती जाऊ नये म्हणून धडपडलेली. साडूसाहेब दोनशे वर्षांनी डोळे उघडतील तेव्हा 'काय हो, झोप लागली का?' असे विचारणारे तिथे कोण असेल?

हे सगळे मी एका रविवारी त्यांना ऐकवले. ते गप्प बसले. मग ताई, म्हणजे आमच्या मोठ्या मेहुणीबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "निवृत्त झाल्यापासून घरात एक शब्द बोलत नाहीत. वेगळे पैसे भरून गोठायची गरजच काय?"

कोणी हसले नाही. माझ्या हातातला चहा मात्र गार झाला.

नोव्हेंबर उजाडला. आमच्या शाखेत हा महिना पेन्शनरांचा. हयातीचा दाखला हल्ली घरी बसून मोबाइलला चेहरा दाखवूनही देता येतो. तरी कितीतरी म्हातारी माणसे काठी टेकत येतात, रांगेत तासभर बसतात, शेजारच्याला गुडघ्याचे सांगतात आणि माझ्यासमोर येऊन सही करतात. पूर्वी मी वैतागायचो. आता समजते, की जिवंत आहोत हे कोणीतरी बघावे लागते.

साडूसाहेबही आले. पहिलाच दाखला. मोबाइलमधले सगळे येणारा माणूस, पण रांगेत बसून आला. सोबत ताई होत्या. फॉर्म पुढे सरकवून म्हणाले, "बघून घ्या. आहे ना मी?"

मी चष्मा वर करून त्यांच्याकडे नीट पाहिले आणि शिक्का मारला.

"पुढच्या नोव्हेंबरला परत यायचे," मी म्हणालो. "एक वर्षाचीच मुदत आहे."

"नूतनीकरण होते ना?" त्यांनी विचारले.

"स्वतः आलात तर होते."

ते ताईंकडे वळून म्हणाले, "चल, समोर चहा घेऊ." माझ्या माहितीप्रमाणे निवृत्तीनंतरचे हे त्यांचे पहिलेच आपणहून बोललेले वाक्य. मी पुढचा टोकन नंबर पुकारला.