केदारखेड्याच्या कापसातली नॉकआउट अळी

बीटी कापूस का फसला, या प्रश्नाची मराठीत दोन तयार उत्तरं आहेत. एक, कंपन्यांनी शेतकऱ्याला लुटलं. दुसरं, शेतकरी अडाणी, त्याने नॉन-बीटीची पुडी फेकून दिली. चॅनेलवर दोन्ही बाजू समोरासमोर बसतात आणि अळीच्या पोटात नेमकं काय झालं हे कोणीच सांगत नाही. माझा राग जास्त दुसऱ्या उत्तरावर आहे, कारण ते शिकलेली माणसं देतात.

एखादं जनुक काय काम करतं हे कळण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे ते बंद पाडून बघणं. आम्ही कोड लिहिणारे रोज हेच करतो. एक ओळ कॉमेंट करायची आणि काय मोडतं ते पाहायचं. 1989 मध्ये उंदरांवर हे जमलं. हवं ते एकच जनुक निकामी केलेले ‘नॉकआउट’ उंदीर तयार झाले आणि 2007 मध्ये मारिओ कापेकी, मार्टिन इव्हान्स, ऑलिव्हर स्मिथीज यांना त्यासाठी नोबेल मिळालं. 1992 मध्ये पी53 हे जनुक नसलेले उंदीर आले. जन्मतः बहुतेक धडधाकट. काही महिन्यांत मात्र त्यांच्या अंगात कर्करोगाच्या गाठी होऊ लागल्या. पहिल्याच आठवड्यात ‘काही बिघडलेलं नाही’ असा शेरा मारून पिंजरा बंद केला असता, तर हे कधी दिसलंच नसतं.

आता कापूस. बीटीचं विष अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, मग आतड्याला भोकं पडतात, अळी मरते. हे प्रथिन बनवणारं जनुकच मोडकं असेल तर विषाला धरायला जागा उरत नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतातल्या शेतांमधून गोळा केलेल्या गुलाबी बोंडअळ्यांमध्ये हे जनुक नाना तऱ्हांनी मोडलेलं आढळलं. बोलगार्ड-2 मधल्या दुसऱ्या विषाची गत तीच. 2021 मध्ये संशोधकांनी प्रयोगशाळेत अळीचं एबीसीए2 हे जनुक मुद्दाम निकामी केलं आणि ती अळी त्या विषाला दाद देईना. उंदरांवर जे पैसे खर्चून केलं, ते आपल्या शिवारात फुकट होत होतं. बीटीने जनुक मोडलं नाही. ज्या मोजक्या अळ्यांत ते आधीच मोडलेलं होतं, तेवढ्याच जगवल्या.

यात एक मेख आहे. जनुकाच्या दोन्ही प्रती मोडल्या तरच अळी वाचते. एक जरी शाबूत असली तरी ती मरते. म्हणून ती 120 ग्रॅमची पुडी. नॉन-बीटीच्या ओळींत साध्या अळ्या वाढाव्यात, त्यांच्या पतंगांनी मोडक्या जनुकाच्या पतंगांशी जोडी जमवावी आणि पिलांना निदान एक शाबूत प्रत मिळावी. केदारखेड्यातल्या दहावी नापास माणसालाही हे पाच मिनिटांत कळेल. वळूची निवड तो याच हिशेबाने करतो. पण त्याला सांगितलं गेलं ते एवढंच, की कडेने पाच ओळी लावा. का, ते नाही. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांची महिको 1964 पासून आहे, 2002 मध्ये देशातलं पहिलं बीटी बियाणं तिनेच आणलं. म्हणजे ज्ञान कुठे दूर नव्हतं. भोकरदनहून तासाभराच्या वाटेवर होतं.

आणि कळलं असतं तरी? तीन एकरवाल्याने पाच ओळी अळीला खाऊ घालायच्या, फायदा साऱ्या शिवाराला, तोही शेजाऱ्यांनी लावल्या तरच. फरदड घेतल्याने अळीला पुढेही अन्न मिळत राहिलं, हे खरं. पण कापसाचे चार पैसे शेवटच्या वेचणीतूनच सुटत असतील तर पऱ्हाटी डिसेंबरात कोण उपटेल? ॲरिझोनात 2006 पासून अशा ओळींऐवजी विमानांतून वंध्य पतंग सोडले गेले, खर्च शेतकरी आणि सरकार यांनी मिळून उचलला. 2018 मध्ये अमेरिकेने आपल्या कापसातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. त्याच्या आदल्याच हंगामात मराठवाड्यात लोक उभ्या कापसावर रोटाव्हेटर फिरवत होते. तिथला शेतकरी आपल्याकडच्यापेक्षा शहाणा होता असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी ते पतंग कोणाच्या पैशाने उडाले ते बघावं.

हे जुनं झालं म्हणून सोडून देता येत नाही. मार्च 2022 मध्ये केंद्राने, बाहेरचं डीएनए शेवटी उरत नसेल तर जनुक-संपादित पिकांना जीएमच्या कडक नियमांतून सूट दिली. मे 2025 मध्ये भाताची दोन वाणं जाहीर झाली. त्यातल्या ‘पुसा डीएसटी राइस 1’ मध्ये डीएसटी हे जनुक निकामी केलेलं आहे. सरळ म्हणायचं तर नॉकआउट भात. मी त्याच्या विरोधात नाही. दुष्काळात आणि खारट जमिनीत तो तगला तर उत्तमच. पण ‘काही घातलेलं नाही, फक्त काढलंय, मग तपासायचं काय?’ हा तर्क मला मान्य नाही. काढल्याने काय होतं हे पाहायलाच तर तीस वर्षं उंदीर पाळले.

उद्या असं कापसाचं वाण जालन्याच्या बाजारात आलं, तर कोणतं जनुक बंद केलंय, किती हंगाम आणि कोणत्या जमिनीत तपासलंय, हे पाकिटावर मराठीत छापा. पुन्हा बांधाकडेने काही लावायला सांगणार असाल तर का ते लिहा. आणि त्या ओळींतल्या कापसाचे पैसे कोण देणार, तेही.