तपकिरी झालं म्हणजे मेलं नाही



मार्च लागला की आमच्या शिकागोकडच्या बायकांच्या ग्रुपवर फोटो सुरू होतात. बर्फ वितळलेला, आणि मागच्या वर्षी हौसेनं लावलेलं स्प्रूस किंवा आर्बरव्हिटी एका बाजूनं गंज चढल्यासारखं. प्रश्न ठरलेला, "मेलं का गं हे?" उत्तरही ठरलेलं, "उपटून टाक. वर्षाची गॅरंटी आहे ना, दुकानात नेलंस की नवं मिळेल."

या उत्तराला माझा विरोध आहे. कारण हेच मी केलंय.

२०१८ च्या ऑक्टोबरअखेर आम्ही कुंपणालगत पाच आर्बरव्हिटी लावली. आपल्या मोरपंखीच्या घराण्यातलं झाड. शाळेत जिची डहाळी 'विद्या' म्हणून पुस्तकात ठेवायचो, तीच मोरपंखी. परदेशात माहेरचं कुणी भेटावं तसं झालं मला. ३० जानेवारी २०१९ ला इथं पारा उणे २३ फॅरनहाइटवर गेला, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे तिसाच्याही खाली. मार्चमध्ये पाचही झाडं तपकिरी. एका शनिवारी ह्यांनी आणि मी ती उपटली. गाडीत ठेवताना डिकीच्या कडेला एका खोडाची साल खरवडली गेली, आणि आत ओलं, हिरवंगार! मग बाकीच्यांवर नख मारून पाहिलं. पाचांतली तीन जिवंत होती. धावत जाऊन परत लावली, पण मुळं तुटलेली. जगली नाहीत.

नंतर समजून घेतलं, ते असं. ही झाडं हिवाळ्यातही पानं गाळत नाहीत. ऊन पडलं, वारा सुटला की पानांतून पाणी जातच राहतं. पण खालची माती दगडासारखी गोठलेली, मुळांनी पाणी आणायचं कुठून? थंडीच्या कोरड्या वाऱ्यात आपले ओठ फुटतात, तसंच. कोवळ्या झाडाची मुळं अजून पसरलेली नसतात, म्हणून त्यालाच जास्त बसतं. म्हणूनच तपकिरी रंग बहुधा दक्षिणेला, नैर्ऋत्येला किंवा वाऱ्याच्या बाजूला दिसतो, आणि बर्फाखाली दबलेल्या फांद्या मात्र हिरव्या निघतात. पुष्कळदा सुया वाळलेल्या असल्या तरी टोकाची कळी जिवंत असते आणि मे महिन्यात तिथूनच नवी पालवी येते.

सगळीच वाचतात असं नाही. नखाखाली तपकिरी कोरडं लागलं, डहाळी कटकन मोडली, कळ्या चुरडल्या गेल्या, तर ती फांदी गेलीच. आणि नुसतं जुनं लाकूड उरलं की ही झाडं तिथून सहसा फुटत नाहीत. पण हे मार्चमध्ये ठरवायची घाई कशाला?

आपण कंदमूळ खात नाही, कारण त्यात अनंत जीव. पाणी गाळून पितो. वनस्पती एकेंद्रिय जीव आहे हे पाठशाळेतली पोरंही घडाघडा सांगतात. आणि आपण दुकानात पावती दाखवता यावी म्हणून जितं झाड मुळासकट उपटतो! घर बांधताना, रस्ता करताना झाड जातं, संसारात ते टळत नाही. पण हे तर निव्वळ दिसायला बरं नाही म्हणून. सासूबाईंना सांगलीला फोनवर सांगितलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "नख लावून बघायचं तरी आधी."

आता मी झाड वसंतातच लावते. जमीन गोठेपर्यंत, अगदी नोव्हेंबरातही, मुळाशी पाणी देते. बुंध्याला न टेकवता दोन-तीन इंच लाकडाच्या ढलप्या पसरते. वाऱ्याच्या बाजूला खुंट्यांवर गोणपाट बांधते. प्लॅस्टिक नको हं, त्यात उन्हानं झाड उकडतं. रस्त्यावर टाकतात ते मीठही झाडाला भाजतं, तेव्हा पायवाटेवरचं बर्फ मुळाशी लोटू नका.

यंदा दारातलं छोटं स्प्रूस नैर्ऋत्येकडून पुन्हा तपकिरी झालंय. परवा नख मारून पाहिलं, आत हिरवं आहे. मे संपेपर्यंत कुदळ गॅरेजमधून बाहेर काढायची नाही, असं ह्यांना बजावून ठेवलंय.