निराधारांचा आळस आणि सरकारचा नियम

सरकार फुकट पैसे वाटतें म्हणून कामाला माणूस मिळत नाहीं, ही तक्रार हल्लीं सुशिक्षित घरांतून इतक्या सहजपणें उच्चारली जाते कीं, तिचें सत्यासत्य पाहण्याची गरजच कोणास वाटेनाशी झाली आहे. जुलै 2024 पासून ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा 1500 रुपये सुरू झाले, तेव्हांपासून तर या तक्रारीनें चांगलेंच बाळसें धरलें आहे. ती करणाऱ्या मंडळींपुढें आम्ही एक हिशेब मांडूं इच्छितों.

हा हिशेब 1980 सालच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा आहे. 2023 सालीं तिचें अनुदान दरमहा 1500 रुपये झालें. पण विधवेच्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आंत असावें, ही अट तशीच राहिली. म्हणजे महिना 1750. आतां एखादी विधवा एका घरचीं धुणींभांडीं करून 1700 रुपये मिळवीत असेल, तर अनुदान धरून तिच्या हातीं 3200 पडतात. तिनें दुसरें घर धरलें आणि कमाई 2500 वर नेली, कीं नियमाप्रमाणें ती निराधार उरत नाहीं. अनुदान जातें व हातीं 2500 च येतात. अधिक राबल्याबद्दल दरमहा 700 रुपये दंड! जादा कमावलेल्या दर शंभर रुपयांमागें 187 रुपयांहून अधिक कर बसला, तर आमच्या वाचकांपैकीं किती गृहस्थ बढती स्वीकारतील?

मग ती बाई कमाई लपविते. तिला खोटें बोलावयास शिकविलें कोणी? शिवाय दुसऱ्या घरची मालकीण बदलीच्या गांवीं गेली कीं काम सुटलें. पुन्हां अर्ज, पुन्हां उत्पन्नाचा दाखला, पुन्हां तहसील कचेरीच्या खेपा. या भीतीला आळस म्हणावयाचें असेल, तर तो शहाणपणाचा आळस आहे.

काम नको असतें, तर 1972 च्या दुष्काळांत लाखों माणसें खडी फोडावयास गेलीं नसतीं. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतील रोजगार हमीचा कायदा 1977 सालीं झाला व 26 जानेवारी 1979 पासून अमलांत आला. त्या कामांवर बायकांची गर्दी असे, आणि मजुरी पुरुषांइतकीच असल्यामुळें ती असावी यांत नवल नाहीं. तिच्या खर्चासाठीं 1975 सालीं नोकरदारांवर व्यवसाय कर बसला, हें त्या करावर कुरकुरणाऱ्यांनीं विसरूं नये.

उपाय दुर्घट नाहीं. ब्रिटनमध्यें 2021 च्या अखेरीपासून ठराविक कमाईपुढील दर पौंडामागें 55 पेन्स साहाय्य कमी होतें. उरलेले पेन्स कष्ट करणाराचे. तेथील भेटीची वेळ चुकल्यास साहाय्य कापण्याची रीत आम्हांस मुळींच पसंत नाहीं, परंतु हा उतरता क्रम उचलण्याजोगा आहे. अनुदान एकदम न तोडतां कमाईच्या मानानें उतरवावें. काम सुटल्यास नव्या अर्जाशिवाय पुन्हां सुरू करावें. आणि मूल कोणापाशीं ठेवावयाचें, या पहिल्या अडचणीसाठीं वस्तींत पाळणाघर असावें.

हें झालें सरकारचें. पण कामाला माणूस मिळत नाहीं म्हणणाऱ्या घरांत त्या माणसास आठवड्याची भरपगारी सुटी मिळते काय, तेंही एकदां कळूं द्या.