दंड तिजोरीला, तोटा रयतेला

तापीकाठचे बऱ्हाणपूर एके काळी मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे होते. आज ते प्रामुख्याने यंत्रमागाचा कपडा आणि केळी या दोन गोष्टींवर जगते. राज्याची सीमा मध्ये आली तरी खानदेशाशी त्याचे नाते तुटलेले नाही. तेथील लिलावात केळीला काय भाव निघाला, याकडे रावेर-यावलच्या बागायतदाराचे कान लागलेले असतात. आपल्या स्पर्धा कायद्यातील सामूहिक भरपाईचे कलम कितपत उपयोगाचे आहे हे तपासावयाचे, तर बऱ्हाणपूरचा मागवाला आणि केळीवाला यांच्याइतकी चांगली कसोटी दुसरी सापडणे कठीण.

२००२ च्या या कायद्याने व्यापाऱ्यांनी आपापसांत ठरवून खरेदीचा वा विक्रीचा भाव बांधणे, बाजार वाटून घेणे, लिलावात संगनमत करणे ही कृत्ये निषिद्ध ठरविली आहेत. यात विक्रीबरोबर खरेदीचाही उल्लेख आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. म्हणजे माल विकणाऱ्याने ग्राहकाला नाडणे जितके बेकायदा, तितकेच माल घेणाऱ्यांनी एकत्र येऊन शेतकऱ्याला पाडणेही बेकायदा. बऱ्हाणपुरात असे काही घडते, असा आरोप आम्ही करीत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. उद्या असे घडले आणि ते सिद्धही झाले, तर ज्याचे क्विंटलमागे शंभर रुपये बुडाले त्याच्या पदरात काय पडेल?

आजचे उत्तर जवळजवळ काहीच नाही, असे आहे. स्पर्धा आयोग दंड करतो, पण दंडाची रक्कम कायद्यान्वये भारताच्या संचित निधीत जाते. २०२० च्या मार्चमध्ये आयोगाने ग्रासिम इंडस्ट्रीज या कंपनीस व्हिस्कोस तंतूच्या बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल सुमारे ३०२ कोटी रुपये दंड ठोठावला. सूतगिरण्यांना वेगवेगळा भाव लावला जातो, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपनीस तो मान्य नव्हता आणि तिने अपिलाची वाट धरली. निष्कर्षाच्या खरेखोटेपणाचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. परंतु तंतूचा भाव सुतात उतरतो आणि सुताचा मागावर, हे कोणीही विणकर सांगेल. दंड कायम झाला तरी मागवाल्याच्या हाती एक पैसाही आपोआप येत नाही.

भरपाईची वाट कायद्यात नाही, असे मात्र नव्हे. कलम ५३-एन अन्वये ज्याचे नुकसान झाले त्याला अपील न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. इतकेच नव्हे, तर एकाच हिताच्या अनेकांच्या वतीने एकाने वा काहींनी, न्यायाधिकरणाच्या परवानगीने, अर्ज करण्याची मुभाही तेथे आहे. शस्त्र आहे, पण ते म्यानातच गंजत आहे.

त्याची कारणे उघड आहेत. पहिले कारण कालहरणाचे. बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने सिमेंट कंपन्यांविरुद्ध २०१० साली तक्रार केली. २०१२ मध्ये आयोगाने अकरा कंपन्यांना मिळून सहा हजार कोटींहून अधिक दंड केला. २०१५ मध्ये सुनावणीतील दोषावरून तो आदेश रद्द झाला. २०१६ मध्ये नवा आदेश निघाला, २०१८ च्या जुलैत अपिलात तो कायम झाला, आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने दंडाच्या दहा टक्के रक्कम भरण्याच्या अटीवर वसुलीस स्थगिती दिली. आठ वर्षे गेली! तोवर ज्याने घर बांधले त्याच्याकडे सिमेंटच्या पावत्या तरी राहिल्या असतील काय?

दुसरे कारण खर्चाचे. अमेरिकेत मक्तेदारीच्या खटल्यात तिप्पट भरपाई मिळते आणि वकील यशातील वाट्यावर दावा चालवितो. आपल्याकडे वकिलाने असा वाटा घेणे व्यवसायनियमांना मंजूर नाही. या नियमामागील हेतू चांगला आहे; परंतु मग पाचशे रुपये बुडालेल्या पाच हजार माणसांसाठी दिल्लीला खेटे घालणार कोण? तिसरे कारण पुराव्याचे. वाढीव भावाचा किती भार गिरणीने सोसला, किती व्यापाऱ्याने आणि किती मागवाल्याने, हे सिद्ध करणे महाकठीण. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये अशा अप्रत्यक्ष खरेदीदाराला संघराज्याच्या कायद्याखाली भरपाईचे दारच बंद केले. आपल्या कायद्याने ते बंद केलेले नाही, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

ब्रिटनने २०१५ च्या कायद्याने, जो स्वतःहून बाहेर पडणार नाही तो दाव्यात आहे असे धरण्याची पद्धत स्वीकारली. मास्टरकार्ड कंपनीविरुद्ध सुमारे साडेचार कोटी ग्राहकांच्या वतीने एकाच व्यक्तीने दावा लावला. मागणी चौदा अब्ज पौंडांची होती. २०२५ मध्ये तडजोड झाली ती वीस कोटी पौंडांवर. सामूहिक दावा म्हणजे कल्पवृक्ष नव्हे, हेही यावरून दिसते.

तरीही आमचे मत असे की, दंडातील काही हिस्सा सामूहिक दाव्यांच्या खर्चासाठी स्वतंत्र निधीत ठेवावा. आयोगाने दोष ठरवितानाच नुकसानीचा अंदाजही नोंदवावा आणि आदेशाचा सारांश बाधितांच्या भाषेत, त्यांच्या बाजारपेठेत प्रसिद्ध करावा. याच कलमाने राज्य सरकारांना आणि स्थानिक संस्थांनाही अर्जाचा अधिकार दिला आहे. स्वतःच्या खरेदीत फसगत झाली असेल तेथे त्यांनी तो वापरून पायंडा पाडावा. ग्राहक संघटनांनी आणि आमच्या किनाऱ्यावरील आंबा व मासळी उत्पादकांच्या संस्थांनीही आतापासून पावत्या व भावाच्या नोंदी जपण्याची सवय लावावी. पुराव्याविना हक्क पांगळा असतो.

अपराध्याला शासन होणे हा न्यायाचा अर्धा भाग झाला. ज्याचे गेले त्याला ते परत मिळणे हा उरलेला अर्धा. तो जोवर होत नाही, तोवर कोट्यवधींच्या दंडाच्या बातम्या बऱ्हाणपूरच्या मागवाल्याने वाचाव्यात आणि पुन्हा मागावर बसावे, एवढेच त्याच्या हाती आहे.